यादीत आमची नावं नव्हती

शालन गेल्याचं मला बिल्डिंगच्या ग्रुपवर कळलं. मी खडवलीला मुलीकडे गेलेले. ओट्यावर बसून वालाच्या शेंगा सोलत होते आणि फोन वाजायला लागला. पाण्याचा टँकर उशिरा येणार असा निरोप, त्याखाली जोडलेले हात, त्याखाली आणखी जोडलेले हात... मला वाटलं, टँकरवाल्यालाच जोडतायत. वर सरकवत गेले तर तिचा फोटो. सकाळी चहा ठेवला, स्टुलावर बसली आणि बसल्या जागी गेली. सुनावणीला अठरा दिवस उरले होते. त्याला महिना होऊन गेला. निवांत बसून लिहावं म्हणते, पण बसवत नाही. दोन ओळी झाल्या की उठते, गॅलरीतून खाली गल्लीत बघते, परत येते. मागच्या बाजूला टेम्पो रिव्हर्स घेताना तो टीं टीं आवाज करतो ना, तो ऐकला की लिहिणं तिथंच राहतं.

आम्ही डोंबिवलीला, कोपरच्या बाजूला राहायला आलो त्याला तीस वर्षं झाली असतील. माझं माहेर, सासर दोन्ही राजापूरकडचं. सामान लावत होते तेव्हा खालच्या मजल्यावरची एक बाई सरळ स्वयंपाकघरात आली, इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाली, "तुजा ओटा हाय ना गो, तितं आमची विहीर होती." ही शालन. आमच्या तीन बिल्डिंगी उभ्या आहेत ती तिच्या सासरची भातशेती. जमीन दिली, बदल्यात फ्लॅट मिळाले. मधली गल्ली आहे तो त्यांचा बांध होता, नवी नवरी म्हणून ती त्याच बांधावरून घरात आली. त्यानंतर कितीतरी दिवस मला त्या ओट्यावर भाकरी थापताना वाटायचं, आपण विहिरीवर उभ्या आहोत. तिला सांगितलं तर इतकी हसली, इतकी हसली! "मग पानी कवा कमी पडनार नाय तुला," म्हणाली. पाणी तर रोजच कमी पडतं. पण ती नाही कमी पडली कधी. माझे मिस्टर आजारी होते तेव्हा सहा महिने आमच्या घरात मासळी शिजली ती तिच्याच हातची.

मिस्टर गेले त्याला अकरा वर्षं झाली. त्याआधी संक्रांतीचं हळदीकुंकू आम्ही दोघी मिळून करायचो. मी हळदीकुंकू लावायचे, ती तिळगूळ आणि वाण द्यायची. ते गेल्यावरच्या पहिल्या संक्रांतीला मी साडी नेसून बसले होते... वेडीच मी. खालून बायकांचे आवाज येत होते. सगळ्या गेल्यावर संध्याकाळी शालन ताटलीत तिळगूळ आणि वाण घेऊन वर आली. माझ्याबरोबर जेवली, भांडी विसळली आणि गेली. मग दरवर्षी तसंच. बोलवायची नाही, पण यायची. मला ते लागायचं, आणि तिनं ताटली आणली नसती तर त्याहून जास्त लागलं असतं. तुम्हीच सांगा, अशा माणसाशी भांडायचं कसं?

शेजारच्या मोठ्या प्लॉटवर शॉपिंग प्लाझा व्हायला लागला तेव्हा आम्ही खूशच होतो हो. खोटं कशाला बोलू? लिफ्ट, एसी, उन्हाचं जरा जाऊन बसता येईल. प्लाझाचं तोंड मेन रोडला होतं. यंदाच्या संक्रांतीला त्यांच्या ऑफिसातली एक गोड मुलगी शालनकडे आली. म्हणाली, काकू, यावेळचं वाण आमच्याकडून, आम्ही शेजारीच होणार ना. सोसायटीच्या हॉलमध्ये हळदीकुंकू झालं. प्रत्येकीला स्टीलचा डबा, घट्ट झाकणाचा. आणि दारात रजिस्टर... नाव, फ्लॅट नंबर, सही. वाण मिळालं म्हणून. एकेचाळीस बायकांनी सह्या केल्या. शालननं सगळ्यांत वर केली. माझा डबा ती नेहमीप्रमाणे संध्याकाळी घरी घेऊन आली, त्याला कुठली सही!

होळीच्या सुमाराला गेटवर महापालिकेची नोटीस लागली. प्लाझाला मागूनही रस्ता हवाय, गाड्यांना आणि मालाच्या टेम्पोंना, आणि तो आमच्या गल्लीतून. ज्या गल्लीत तळमजल्याच्या कुसुमताई वॉकर घेऊन आठ फेऱ्या मारतात, जिथे बालवाडीचं फाटक उघडतं, तिथून. खाली लिहिलेलं, महिलांची सभा घेऊन रहिवाशांची संमती मिळाली आहे. सोबत एकेचाळीस सह्या.

त्या दिवशी शालनला जे ऐकावं लागलं! "डब्यापायी रस्ता देऊन टाकलात काकू," एक सून तिच्या तोंडावर म्हणाली. दुसरी म्हणाली, "यांचं काय, शेत दिलं तशी गल्ली दिली." शालन उलट बोलणाऱ्यांतली, पण नोटीस पुन्हा एकदा वाचून घरात गेली. दुसऱ्या दिवसापासून घरोघर फिरून सही मागे घेतल्याचं पत्र प्रत्येकीकडून घेत सुटली. गुडघे दुखायचे, जिना बसत बसत चढायची. पत्र सगळ्यांनी दिलं. डबा परत करायला मात्र एकही तयार नव्हती. "झाकण लई घट्ट बसतं म्हनतात गो," मला येऊन सांगायची. त्या धांदलीत हसलो ते तेवढंच.

ती पत्रं जोडून आम्ही महापालिकेत हरकत घेतली, सुनावणी लागली, तर प्लाझाच्या वकिलाचं उत्तर आलं. बायकांनी सभेत राजीखुशीनं सह्या केल्या, आता दबावाखाली पत्रं दिली आहेत. सभा नव्हती, हळदीकुंकू होतं, हे सिद्ध करा.

सिद्ध कसं करायचं? ती यादीची झेरॉक्स घेऊन माझ्याकडे आली. चष्मा लावून, एकेका नावावर बोट ठेवत वाचत बसली. दोनदा वाचली. मग म्हणाली, "तुजं नाव कुटं हाय?"

"नाही माझं."

"कुसुमताईचं पन नाय. गोखलेकाकूंचं नाय..." बोट थांबलं. मान वर करून माझ्याकडे बघितलं नाही.

"कशी असतील?" मी म्हटलं. "बोलावलंस कुठे?"

अकरा वर्षांत पहिल्यांदा मी ते बोलले. ती रडली नाही की माफी मागितली नाही. म्हणाली, "मना भीती वाटायची. तुला बोलावलं नि बायका उठून गेल्या तर? तुज्यासमोर उठल्या तर?" मग म्हणाली, "माज्यासाठी पन वाटायची. खोटं नाय बोलत." आणि लगेच, ती होतीच तशी, यादी माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "सुमन, ह्येच सांग तितं. सभा आसती तर तुमी सगल्या आसत्या. रस्त्याला कोन इदवा-सवाशीन बगतं?"

मला ते आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा यादी परत तिच्याकडे सरकवली. मी म्हटलं, "अगं, पण मग सांगावं लागेल कुणी बोलावलं नाही ते. तुझं नाव घ्यावं लागेल सगळ्यांसमोर."

"मग घे. मी बाजूलाच बसलेली असंन."

नव्हती. तिच्या दिवसांना बायका कुजबुजत होत्या, भरल्या कपाळानं गेली, भाग्याची. मी तिथून उठून गॅलरीत गेले. तिच्या मिस्टरांना, म्हणजे भाऊंना, पंधरवडा उलटायच्या आत एका घरचं पूजेचं आमंत्रण आलं. त्यांना कुणी वगळलं नाही. वगळूही नये. पण मला बसवेना.

सुनावणी कल्याणला होती. कुसुमताई, गोखलेकाकू बरोबर होत्या. मी रस्ताभर घोकत होते, आणि मधेच वाटायचं, परत फिरावं. जिवंतपणी तिला एकदाच काय ते बोलले, आता ती उत्तर द्यायला नसताना चारचौघांत सांगायचं? महापालिकेचे साहेब तसे शांत होते. त्यांनी विचारलं, "आजी, संमतीत तुमची सही नाही. मग तुमची तक्रार काय?"

"तीच तक्रार आहे साहेब," मी म्हटलं. "महिलांची सभा होती म्हणतात ना? आमच्या तीन बिल्डिंगींत आम्ही सहा विधवा आहोत. यादीत सहांपैकी एकही नाही. तिसऱ्या मजल्यावर एक मुलगी आहे, लग्न केलेलं नाही, फ्लॅट तिच्या स्वतःच्या नावावर आहे, तीही नाही. आम्हाला सोडून रस्त्याची सभा होते का? ही हळदीकुंकवाची यादी आहे."

साहेबांनी यादी जवळ ओढली, कुसुमताईंना नाव विचारलं, गोखलेकाकूंना विचारलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्हाला आमंत्रण कोणी दिलं नव्हतं?"

सांगितलं. पूर्ण नाव सांगितलं, नवऱ्याच्या नावासकट.

क्लार्कनं लिहून घेतलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. कैलासवासी शालन अमुक अमुक यांनी आम्हा विधवा महिलांस सदर कार्यक्रमाचे आमंत्रण दिले नव्हते. बरोबर आहे? सही करा.

मी पेन घेतलं. म्हटलं, "अजून एक ओळ घाला."

"काय?"

"ती माझी मैत्रीण होती."

त्यानं साहेबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. चांगला माणूस होता, हसला नाही. "आजी, ते या विषयात येत नाही."

मी सही केली. निकाल लेखी कळवतो म्हणालेत. अजून आलेला नाही. गल्ली आज आहे तशी आहे, उद्याचं माहीत नाही. निकाल काहीही लागो, तो कागद कुठल्यातरी कपाटात राहणार. आम्ही सगळ्या जाऊ, आणि त्या कागदावर शालन एवढीच उरेल, आमंत्रण न देणारी. ही टोचणी जात नाही. म्हणून क्लार्कनं न घेतलेली ओळ मी इथे लिहिते आहे.

त्या दिवशी घरी आले तेव्हा चार वाजायला आलेले. कुलूप काढलं, पंखा लावला, कोचावर टेकले. काय काय झालं ते सांगायला तोंड नुसतं शिवशिवत होतं. शालननं तीस वर्षांत माझी बेल कधी वाजवली नाही. चार वाजले की दार ढकलून आत यायची. मी कडी लावली नव्हती. अजूनही चारला लावत नाही.