चाललंय ते सांगू नका

"चाललंय ते सांगू नका. कुठं अडलं तेवढं सांगा." खोलीत पाऊल टाकलं की चष्मा कपाळावर सरकवून त्यांचं पहिलं वाक्य हे. नमस्कार नंतर, आठवला तर.

जव्हारच्या आमच्या शाळेत संगणकांची खोली माझ्याकडे होती. हे गृहस्थ पुण्याहून येऊन तिच्या कोपऱ्यात बसले. बरोबर लिनक्सवर चालणाऱ्या, वहीएवढ्या पेट्या. पेटीतल्या वायफायला कामाला लावणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, तो ते लिहायचे. एक पेटी आमच्या गच्चीवर, दुसरी जामसर गावच्या दवाखान्यात. पावसात तिथला फोन बंद, रस्ताही बंद. कळा सुरू झालेल्या बाईचं काय करायचं, हे नर्सबाईंनी जव्हारच्या डॉक्टरांना विचारायचं कसं? या पेटीतून, आमच्या गच्चीमार्गे. म्हणून पावसाच्या आत ती धड व्हायला हवी होती.

आणि ती होत नव्हती! शाळेत झकास चालायची, जामसरला दुपारनंतर गप्प. एसटीच्या कंडक्टरबरोबर नर्सबाईंचा निरोप यायचा, "पेटी परत मुकी झाली, साहेबांना सांगा."

इकडे आमची चाचणी अशी: पेटी गळ्यात अडकवून हे उतारावरून चालत सुटायचे, मी सारखे संदेश पाठवत बसायचो. संपर्क तुटला की गच्चीवरून लाल टॉवेल हलवायचा. बाजाराला आलेले साखरशेतचे लोक विचारायचे, "मास्तर, हा बाबा चाललाय तरी कुठं?" टॉवेल क्वचितच हलायचा, आणि ते हिरमुसून परत यायचे. चाललं म्हणून तोंड पाडणारा दुसरा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी नाही.

एकदा चहा पिता पिता त्यांनी कप तसाच खाली ठेवला. "अहो, आपण हिला घटकाभर तरी निवांत बसू दिलंय का? जामसरला तर हिच्याशी कुणी बोलतच नाही!" बॅटरी वाचवायला वायफाय डुलकी काढतं, आणि ड्रायव्हरला ते उठवता येत नव्हतं. आमच्या संदेशांच्या भडिमारात ते कधी झोपलंच नव्हतं.

मग नवी चाचणी. "करायचं काय?" मी विचारलं.

"काही नाही. हेच काम."

दोन मिनिटं एका जागी न टिकणारा हा माणूस हात मांडीखाली दाबून बसला. दुपार कलल्यावर संदेश पाठवला. उत्तर नाही.

"अडलं! अहो, अडलं!" शिपायापासून हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांना चहा. हेडमास्तर मला बाजूला घेऊन म्हणाले, "बिघडल्याचा चहा का हो?"

ड्रायव्हर दुरुस्त करून ते पुण्याला गेले. त्या पावसाळ्यात रस्ता तुटला असताना एका बाईला कळा लागल्या. नर्सबाईंनी पेटीतून विचारलं, डॉक्टरांनी सांगितलं, बाई आणि बाळ सुखरूप राहिली. मी पुण्याला फोन केला, "पेटी चाललीय!"

"मग सांगता कशाला?" त्यांनी फोन आपटला.

पुढच्या आठवड्यात त्यांचाच फोन. "काही बोलला नाहीत... अडलं का?" लबाड माणूस! तेव्हापासून दर आठवड्याला मी सांगायचो आणि ते रागवायचे. मला त्या रागावण्याची फार सवय झाली होती.

एका आठवड्यात फोन वहिनींनी उचलला. ते गेल्याला चार दिवस झाले होते. जे सांगायला फोन केला होता, तेच तोंडातून गेलं, "वहिनी, जामसरची पेटी चाललीय."

त्या म्हणाल्या, "मी नाही हो रागावणार. सांगत जा."