पाचवं शिलाई मशीन

देवपुरातल्या आमच्या संस्थेत मी चौदा वर्षं काम करते. दिव्यांग माणसांच्या घरी जायचं, त्यांना काय हवंय ते विचारायचं आणि मग संस्थेकडे जे असेल ते त्यांना द्यायचं, असं माझ्या नोकरीचं थोडक्यात स्वरूप आहे. संस्थेकडे बहुतेक वेळा शिलाई मशीन असतं. पाय अधू असो, कान जड असो की पाठीला बाक असो, देणगीदाराने मशिनं पाठवली की आमच्या भागातल्या सगळ्या दिव्यांग बायकांना एकदम शिवणकामाची आवड निर्माण होते. निदान आमच्या अहवालात तरी होते.

नरडाण्याजवळच्या एका गावात राहणाऱ्या एका बाईला ही आवड चार वेळा निर्माण झाली. लहानपणी पोलिओ झालेला, तेव्हापासून दोन कुबड्यांवर चालणारी, वय तिशीचं. चार प्रकल्प आले, चार प्रशिक्षणं झाली आणि चारही वेळा यादी भरायची म्हणून मी तिचं नाव घातलं. तिच्याकडे शिवणाची चार प्रमाणपत्रं आहेत. चार मशिनं तिने चार वहिनी-नणंदांना देऊन टाकली. त्यांच्यातल्या दोघींचा धंदा आज बरा चालतो.

ती स्वतः करायची ते निराळंच. घराच्या ओट्यावर बसून आजूबाजूच्या पाच-सात गावांतल्या लोकांचे दिव्यांग दाखल्याचे, पेन्शनचे अर्ज भरायची. सिव्हिल हॉस्पिटलात तपासणी कोणत्या वारी असते, कुठला डॉक्टर रजेवर आहे, कोणाच्या आधार कार्डावर जन्मतारीख चुकली आहे, सगळं तिच्या तोंडपाठ. मलाच अडलं की मी तिला फोन करायचे. मग तिने सांगितलेलं ऑफिसात येऊन जरा भारदस्त मराठीत सांगायचे आणि आमचे अध्यक्ष, म्हणजे आबा, माझ्या अनुभवाचं कौतुक करायचे. मीही ते घ्यायचे, खोटं कशाला बोलू.

एकदा मी तिला म्हटलं की शिवणकाम मनावर घेतलंस तर चार लोकांत नाव होईल. तिने हातातला अर्ज पुरा केला आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"अक्का, माले शिवणं येस, पन आवडत नही. तुमनं काम माले आवडस."

मी ते हसण्यावारी नेलं.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी आमच्याकडे माझ्यासारखीच एक जागा निघाली. जाहिरात टाईप करायचं काम माझ्याकडे आलं. असल्या कामात आमच्याकडे डोकं चालवायची पद्धत नाही. जुनी फाईल उघडायची, तारीख बदलायची, प्रिंट काढायची. मी तेच केलं. माझी भरती ज्या जाहिरातीवर झाली होती तीच जाहिरात, आणि तिच्यात चौथी अट अशी होती: उमेदवार शारीरिकदृष्ट्या सक्षम असावा व तसा डॉक्टरांचा दाखला जोडावा. दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या संस्थेची जाहिरात. खाली संपर्कासाठी माझं नाव. मी ती दोनदा वाचली, शुद्धलेखन तपासलं आणि पाठवून दिली.

तिचा अर्ज सगळ्यांत आधी आला. चौथ्या अटीपुढे तिने आपलं दिव्यांग प्रमाणपत्र लावलं होतं आणि शेजारी लिहिलं होतं, डॉक्टरांचा एवढाच दाखला माझ्याकडे आहे. तो वाचताना माझे कान तापले. आबा मात्र खुश झाले. येऊ द्या तिला मुलाखतीला, आपलीच आहे, असं म्हणाले. आबा मनाने वाईट नाहीत. त्यांच्या हाताखाली राहून माणूस आपलं होतं, फक्त सहकारी होत नाही.

मुलाखतीचा दिवस ठरला आणि त्याच दिवशी प्रमुख पाहुण्यांची तारीख मिळाली. पाहुण्यांची तारीख म्हणजे आमच्याकडे मुहूर्त. लगेच साहित्यवाटप ठरलं. खाली पटांगणात मांडव, वरच्या मजल्यावर मुलाखती. वर जायला जिना आहे, रॅम्प नाही. रॅम्पचा प्रस्ताव आम्ही पाठवलेला आहे. मी वर, जिन्याच्या तोंडाशी, उमेदवारांची यादी घेऊन उभी.

ती साडेदहाच्या आत आली. इस्त्रीची साडी, खांद्याला पिशवी, पिशवीत फाईल. फाटकातल्या कार्यकर्त्याने कुबड्या पाहिल्या आणि तिला अदबीने पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. मी मुलाखतीला आले आहे, असं तिने त्याला सांगितलं. तो म्हणाला, हो ताई, बसा, नाव पुकारतील.

आणि खरंच पुकारलं. वाटपाची यादीही मीच केली होती, गेल्या वर्षीची, तारीख बदलून. माईकवरून नाव ऐकल्यावर ती उठली, दोघांनी धरून तिला स्टेजवर चढवलं, अंगावर शाल पडली, हातात नारळ आला आणि समोर शिलाई मशीन. फोटो निघाला. लाभार्थींनी पाहुण्यांचं मनोगत संपेपर्यंत स्टेजवरच बसायचं असतं, म्हणजे मागची बाजू भरलेली दिसते. ती बसली. पाहुणे बोलायला उभे राहिले आणि त्यांनी आपल्या बालपणापासून सुरुवात केली.

इकडे वर तिची पाळी आली. मी रिवाजाप्रमाणे तीनदा नाव पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारताना मी गॅलरीच्या कठड्याशी होते आणि ती मला समोर दिसत होती. तिनेही मला पाहिलं. नारळ मांडीवर ठेवून तिने पिशवीतून फाईल काढली आणि डोक्याच्या वर धरली. बराच वेळ धरली.

मला एवढंच करायचं होतं: बारा पायऱ्या उतरायच्या आणि स्टेजवर जाऊन, ही बाई उमेदवार आहे, असं सांगायचं. नाहीतर आत वळून, ती आली आहे, थोडं थांबा, असं म्हणायचं. पण पाहुणे बोलत असताना मधे जायचं नसतं, आणि मुलाखत घेणाऱ्या समितीला जेवणाची घाई होती. मी खाली मान घातली. आतून विचारणा झाली, आणि मी म्हणाले, दिसत नाहीत. समितीने तिच्या नावापुढे गैरहजर असं लिहिलं.

जागा मिळाली ती जळगावच्या एका तरुणाला. समाजकार्याची पदवी, स्वतःची मोटारसायकल, तब्येत ठणठणीत.

मशीन तिने नेलं नव्हतं. दोन कुबड्या धरणारी बाई ते नेणार तरी कशी, हा विचार वाटपाच्या यादीत नसतो. म्हणून आठवड्याने मी संस्थेच्या जीपमध्ये मशीन घालून तिच्या गावी गेले. शिवाय पोचपावतीवर सही हवी होती. नवा माणूसही बरोबर होता, काम शिकायला. ओट्यावर सात-आठ माणसं होती. एका बापाने आपल्या मुक्या मुलीला आणलं होतं आणि ही बाई त्याला कोणते कागद कमी आहेत ते सांगत होती. आमचा नवा माणूस खाली बसला, वही काढली आणि ती सांगेल ते उतरवून घेऊ लागला. ती त्याला सगळं नीट सांगत होती, काही हातचं न राखता.

माणसं पांगल्यावर मी तिला सांगून टाकलं की चौथी अट मी टाईप केली होती, यादीही माझीच होती, आणि तू दिसत असताना मी नाही म्हणाले.

"माले माहीत शे," ती म्हणाली. "जाहिरातमा खाले तुमनंच नाव व्हतं."

पावतीवर तिने वळणदार सही केली. मशीन मात्र उतरवू दिलं नाही.

"तुमनाकडेच राहू द्या, अक्का. नोकरी सुटनी ते तुमले कामले येई."

नव्या माणसाला वाटलं ती थट्टा करते आहे.

कागदावर ते मशीन तिला मिळालेलं आहे. वार्षिक अहवालात तिचा शाल-नारळाचा फोटोही आहे, खाली ओळ आहे, स्वावलंबनाकडे वाटचाल. ती ओळही माझीच. प्रत्यक्षात मशीन माझ्या टेबलाशेजारी आहे आणि मी त्याच्यावर फायली ठेवते.

यंदा पुन्हा एक जागा निघाली. या खेपेला मी जाहिरात कोऱ्या पानावर लिहिली, चौथी अट काढली आणि आबांची सही होईपर्यंत त्यांच्या समोरून उठले नाही. मग तिला फोन केला. मुलाखत खालच्या खोलीत घेऊ, तू ये, असं म्हणाले. तिने एवढंच विचारलं,

"त्या दिवशी कार्यक्रम नही ना?"

नाही, असं मी ठासून सांगितलं. मग फोन ठेवला आणि आबांना विचारायला गेले.