मी धरून दहा

कॉलेजच्या पहिल्या वर्षी मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न अभ्यासातला नव्हता. "ज्यू म्हणजे नक्की काय रे?" हा होता. आमचं आडनाव 'कर'ने संपणारं, घरात बोलणं मराठी, डब्यात भात आणि माशाचं कालवण. त्यामुळे मी सांगेपर्यंत कुणाला शंका यायची नाही आणि सांगितल्यावर कुणाचा विश्वास बसायचा नाही. एका सरांनी "पारशी का?" असं विचारलं, मी नाही म्हटल्यावर "मग ख्रिश्चन" असं स्वतःच ठरवून टाकलं आणि पुढची हजेरी घेतली. मला तेव्हा राग लवकर यायचा. सत्तरचं दशक निम्मं सरत आलं होतं, आणि अख्ख्या कॉलेजात या जातीचा मी एकटाच होतो.

एकाच मुलाने मात्र एकदा विचारून सोडलं नाही. तो नाशिक रोडचाच, माझ्या बसचा. त्याचे आणि माझे वडील दोघेही नोटांच्या प्रेसमध्ये कामाला, फक्त पाळ्या वेगळ्या. ते लोक बौद्ध. "आमच्या घरातले देव काढले तेव्हा मी पाळण्यात होतो," तो सांगायचा. "मला एकही बघायला नाय मिळाला. म्हणून दुसऱ्यांचे कसे ठेवतात ते बघतो." आमच्याकडे मूर्तीच नाही म्हटल्यावर त्याची उत्सुकता दुप्पट झाली.

शनिवार हा त्याचा आवडता विषय. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, लिहायचं नाही, असा आमचा नियम. पण कॉलेज तर शनिवारीही भरायचं. बाबांनी तोड काढली होती: जायचं, बसायचं, ऐकायचं, पण पेन उघडायचं नाही. मग तो मित्र शनिवारी वहीत कार्बन पेपर घालून लिहायचा आणि निळी प्रत रविवारी मला आणून द्यायचा. ती देताना दर वेळी उलटतपासणी.

"विस्तव पेटवायचा नाय, मग चहा?"

"आई शुक्रवारी करून थर्मासमध्ये ठेवते."

"बसमध्ये बसलेलं चालतं, पेन उचललेलं चालत नाय?"

"तेवढं चालतं," मी चिडून म्हणायचो. खरं म्हणजे ते का चालतं, हे मलाही माहीत नव्हतं.

दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाने तर त्याला वेडच लावलं. उजव्या बाजूला, खांद्याच्या उंचीवर, तिरकी ठोकलेली बोटाएवढी नळी. तिच्यात चर्मपत्रावर प्रार्थना लिहिलेली असते आणि आत येताना तिला बोटं लावून ती बोटं ओठांना लावायची. आत नेमकं काय लिहिलंय, उघडून बघितलंय का, पावसात भिजत नाही का, भाड्याच्या घरातून जाताना काढून नेता का, सगळं त्याने विचारलं. मग चौकटीवर वीत ठेवून उंचीही मोजली. आई आतून बघत होती. "बघू दे रे, काही झिजत नाही," ती म्हणाली.

आमच्या शेजारी एक काका-काकू राहायचे, तेही आमच्यातलेच. काका रेल्वेत गार्ड होते, निवृत्त होऊन तिथेच राहिले. दोन्ही मुलगे इस्राएलला. काकूंनीच मला हिब्रू अक्षरं शिकवली, पोळपाटावर पीठ पसरून त्यात बोटाने. नाशिक रोड आणि देवळाली मिळून आम्हा सगळ्यांत त्यांच्याइतकं स्वच्छ वाचणारं कुणी नव्हतं. पण मोजणीत त्या नव्हत्या.

ही मोजणी समजावून सांगावी लागेल. आमच्याकडे देऊळ, म्हणजे सिनेगॉग, नव्हतं. प्रार्थना आमच्या पुढच्या खोलीत व्हायची, आणि मित्र बाहेर पायरीवर बसून ती ऐकायचा. मृतासाठी म्हणायची प्रार्थना, कद्दीश, ही दहा पुरुष जमल्याशिवाय म्हणता येत नाही. नऊ असतील तर नऊ जण चहा पिऊन घरी जातात. आणि माणसं एक-दोन-तीन अशी मोजायची नाहीत. त्यासाठी दहा शब्दांची एक ओळ आहे. सगळ्यात वयस्कर गृहस्थ ती हळूहळू म्हणत, एकेका माणसाकडे बघत एकेक शब्द टाकत जायचे. काका होते तोवर आम्ही अकरा होतो. ते गेले आणि शेवटचा शब्द माझ्यावर येऊन थांबायला लागला. मी धरून दहा.

काका गेले त्याच्या पुढच्या वर्षी मार्चमध्ये मुंबईहून पत्र आलं. कॉलेजात शिकणाऱ्या ज्यू मुलामुलींसाठी मेच्या मध्यापासून पंधरा दिवसांचं शिबिर, अलिबागजवळ समुद्रकाठी. आमच्या पूर्वजांचं जहाज जिथे फुटलं म्हणतात तो किनाराही दाखवणार होते. चाळीस जागा.

चाळीस! मी आयुष्यात माझ्या वयाचे ज्यू पाहिले होते ते फक्त मावसभाऊ आणि मामेबहिणी, तेही लग्नात. मला ते सगळे एकत्र बघायचे होते. त्यांनाही 'मग ख्रिश्चन' असं ऐकावं लागतं का, त्यांच्या आयासुद्धा शुक्रवारी थर्मास भरतात का, ते शनिवारी कॉलेजात काय करतात, हे विचारायचं होतं. मित्राच्या प्रश्नांनी माझ्यातही किडा सोडला होता. मी त्याच दिवशी फॉर्म भरून टाकला. काका जूनच्या पहिल्या आठवड्यात गेले होते, म्हणजे वर्षाची प्रार्थना जूनमध्ये, शिबिर संपल्यावर. माझा हिशोब सरळ होता.

रात्री जेवताना बाबांना सांगितलं. ते उठले, आमचं कॅलेंडर काढलं आणि पान माझ्यापुढे धरलं. आमच्या तिथी चंद्रावर चालतात. लहानपणापासून सगळे सण मागेपुढे सरकताना बघितले होते, पण काकांचं जाणं हीसुद्धा तिथीच आहे, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. त्यांचा दिवस त्या वर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात येत होता. शिबिराच्या ऐन मध्ये.

"नको जाऊस" असं कुणीच म्हणालं नाही. म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं. बाबांनी कॅलेंडर परत खिळ्याला लावलं. मुंबईचे नातेवाईक येण्यासारखे नव्हते, वार कामाचा होता. मी गेलो तर काकांचं कद्दीश होणार नाही, एवढं सरळ होतं.

दोन दिवसांनी काकू स्वतः आल्या. "फॉर्म भरलास ना? मग जा."

"पण दहा?"

"ते मी बघते. तू मला अक्षरं शिकवायला येऊ नकोस." आणि आईशी लोणच्याबद्दल बोलायला लागल्या.

एप्रिलमध्ये मित्र दोन दिवस दिसला नाही. परत आला तो उन्हाने काळवंडलेला. आजीकडे नामपूरला गेलो होतो म्हणाला. त्याच्या आजीकडून तो दर वेळी कांद्याची पिशवी घेऊन यायचा आणि त्यातले चार आम्हाला. "कांदे?" मी विचारलं. "या वेळी नाय," तो म्हणाला आणि विषय बदलून मला परत मेझुझाबद्दल विचारायला लागला, की त्यावर रंग मारलेला चालतो का. माझं लक्ष नव्हतं. मी बॅग भरायची यादी करत होतो.

शिबिर मजेचं होतं, खोटं कशाला बोलू. चाळीस जणांपैकी तीस आडनावं 'कर'ची. थर्मास जवळजवळ सगळ्यांकडे. ठाण्याच्या एका मुलाने सांगितलं की त्याच्या शाळेत त्याला नऊ वर्षं पारशी समजत होते, तेव्हा मी इतका हसलो की वाळूत लोळलो. आम्ही किनाऱ्यावर गेलो. जहाज फुटल्यावर सात बायका आणि सात पुरुष वाचले, त्यांच्यापासून आपण सगळे, असं तिथे सांगितलं. माझ्या मनात पटकन आलं, सात पुरुष? मग बुडालेल्यांसाठी कद्दीश कसं म्हटलं असेल? मी ते विचारलंही. शिबिराचे प्रमुख म्हणाले, चांगला प्रश्न आहे, आणि शिट्टी वाजवून सगळ्यांना जेवायला बोलावलं.

पुण्याची एक मुलगी मला म्हणाली, "नाशिकला आपले लोक आहेत? किती?"

"दहा," मी म्हणालो. "म्हणजे पुरुष. मी धरून." ती हसली. तिला ती गंमत वाटली.

एका सकाळी मला उठायला उशीर झाला. धावत प्रार्थनेला गेलो तर ती संपत आली होती. कुणी मागे वळून बघितलं नाही, कुणी 'कुठे होतास' विचारलं नाही. घरी मला पाच मिनिटं उशीर झाला की नऊ म्हातारे दाराकडे तोंड करून बसायचे आणि मला ते बघून वैताग यायचा. त्या दिवशी दुपारी मी समुद्रात गेलो नाही. काकूंनी 'बघते' म्हटलं होतं, पण बघून त्या पुरुष कुठून आणणार होत्या? मला स्वतःची लाज वाटली.

काकांच्या दिवशी पहाटे मी प्रमुखांना सांगून निघालो. ते रागावले, शेवटच्या दिवशी नाटक होतं आणि त्यात मी जहाजाचा कप्तान होतो. एसटीने पनवेल, तिथून कल्याण, मग गाडी. कसाऱ्याच्या घाटात गाडी अर्धा तास उभी राहिली तेव्हा मी इंजिनापासून रेल्वेमंत्र्यापर्यंत सगळ्यांना शिव्या घातल्या. नाशिक रोडला उतरलो तेव्हा ऊन कलत होतं. बॅग खांद्यावर टाकून स्टेशनपासून पळत सुटलो. डोळ्यांसमोर एकच, नऊ जण, दाराकडे तोंड करून, माझी वाट बघताहेत.

दार उघडं होतं आणि सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे होत्या. आतून ती दहा शब्दांची ओळ ऐकू येत होती. शेवटचा शब्द एका अनोळखी माणसावर जाऊन थांबला. रेल्वेचा खाकी शर्ट, डोक्यावर बाबांची जादा टोपी, पन्नाशीचा. प्रार्थना सुरू झाली.

उंबऱ्याबाहेर पायरीवर माझा मित्र बसला होता. मला बघून त्याने कपाळावर हात मारला.

"तू कशाला आला? लेका, तुझ्यासाठी तर एवढं केलं."

"हे कोण?"

"मनमाडचे. गाडीवर ड्रायव्हर हायत."

मग हळू आवाजात त्याने सांगितलं. काकूंना एवढंच आठवत होतं की मनमाडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आपलं एक घर आहे, काका कधीतरी बोलले होते. नाव आठवत नव्हतं, नंबर ठाऊक नव्हता. त्या माझ्या घरी न येता याच्याकडे गेल्या होत्या. आणि हा एप्रिलच्या उन्हात दोन दिवस मनमाडच्या क्वार्टरच्या रांगांमधून फिरला होता. 'ज्यू' म्हटलेलं कुणाला कळणार, म्हणून कुणाला काही न विचारता. उजवी चौकट, खांद्याची उंची, तिरकी नळी, एवढंच बघत. दोन ठिकाणी बायकांनी चोर समजून हटकलं. दुसऱ्या दिवशी एका दारावर ती दिसली, रंगाखाली झाकलेली. "वीत लावून बघितली," तो म्हणाला. "बरोबर बसली."

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी मला पाहिलं आणि डोळे वटारले, प्रार्थना चालू होती म्हणून वाचलो. मला वाईट वाटलं, का ते सांगायलाही लाज वाटते. दिवसभर मी स्वतःला ज्या खुर्चीवर बसलेलं बघत होतो तिच्यावर दुसराच माणूस बसला होता आणि काहीही अडलं नव्हतं. आत जागा होती, पण मी मित्राशेजारी पायरीवरच बसलो. गरज नसताना ती प्रार्थना ऐकायची माझी ती पहिलीच वेळ. मला बसायला लागायचं, म्हणून मी बसायचो. हा पोरगा इतके दिवस नुसता ऐकायला बसत होता.

काकांचे मुलगे दूर, म्हणून कद्दीश बाबांनी म्हटलं. 'आमेन' नेमकं कुठे म्हणायचं ते मित्राला पाठ होतं. माझं एक चुकलं, त्याचं नाही.

सगळे चहाला उठले तेव्हा त्याने मला कोपराने ढोसलं. "अर्थ काय रे त्याचा? यात काकांचं नाव कुठे येतं?"

कद्दीश मी अर्थासकट शिकलो होतो. देव थोर आहे, त्याचं नाव थोर असो, शांती असो. पहिल्यापासून शेवटपर्यंत आठवून पाहिलं. त्यात नाव नव्हतं, मरण नव्हतं, गेलेल्या माणसाबद्दल एक शब्दही नव्हता. हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

काकू चहाचा ट्रे घेऊन आमच्यापर्यंत आल्या. मला वाटलं आता बोलणी खावी लागणार. पण त्यांनी आधी मित्राला कप दिला, मग मला. मी घाईघाईने त्याचाच प्रश्न त्यांना विचारला, की काकू, यात काका कुठे आहेत?

त्यांनी आत बघितलं. मनमाडचा ड्रायव्हर बाबांना सांगत होता की काकांनी गार्ड असताना पावसाळ्यात एकदा गाडी कशी थांबवली होती, आणि देवळालीचे म्हातारे मध्येच त्याला दुरुस्त करत होते.

"त्यात ते नाहीतच रे," काकू म्हणाल्या. "म्हणून तर दहा माणसं लागतात."