लेंड्यांचा डबा घेऊन मुलुंड ते गोरेगाव

मुलुंडहून गोरेगावला लोक सिनेमाचे स्टुडिओ बघायला जातात. मी गेले ती मेंढरांच्या लेंड्या घेऊन, सत्तरच्या दशकात. मी बोलतेय आणि नात टाइप करतेय. मला अक्षर ओळखता येत नाही, तिला मेंढरू. फिटंफाट.

आमचा कळप मुलुंडच्या डोंगराच्या पायथ्याशी असायचा. त्या वर्षी मेंढरं वाळत चालली. डोळ्यांच्या पापण्या आतून पांढऱ्याफटक, जबड्याखाली पाणी साचून पिशव्या लोंबायला लागल्या. पोटात जंत झालेत हे दिसतच होतं, पण औषध पाजूनही गुण येईना. माझे थोरले दीर म्हणाले, "पौर्णिमेपर्यंत थांबतो. मग सगळी खाटकाला." त्या कळपावर आमची चूल पेटायची. मी सासूला म्हटलं, "आत्याबाई, गोरेगावला गुरांचा डॉक्टर आहे. चला."

"फिरायला निघालीस व्हय गं?"

"तसंच समजा. तुम्ही डबा धरा."

आता घाटकोपर ते अंधेरी मेट्रो आहे, गार हवेत बसून जा. आम्ही घाटकोपरला बस बदलली आणि साकीनाक्यापर्यंत धूळ खात गेलो. कंडक्टरनं विचारलं, "मावशी, डब्यात काय?"

"लेंड्या," आत्याबाई म्हणाल्या.

"मस्करी करता काय?"

त्यांनी झाकण उघडलं. पुढं अंधेरीपर्यंत आमच्या शेजारी कुणी बसलं नाही. असा ऐसपैस प्रवास पुन्हा झाला नाही.

अंधेरीला भाकरी-ठेचा खाल्ला, वर गाडीवरची गरम भजी घेतली. गोरेगावला स्टुडिओच्या फाटकाशी मुकुट घातलेला एक राजा विडी ओढत उभा होता. त्यानंच दवाखान्याचा रस्ता दाखवला.

डॉक्टरांनी लेंड्या मिठाच्या पाण्यात कालवल्या, वरचा थेंब काचेवर घेतला आणि मला दुर्बिणीत बघायला लावलं. साबुदाणा सांडल्यासारखी जंतांची अंडी!

"औषध किती पाजता?"

"सगळ्यांना सारखं," आत्याबाई म्हणाल्या. "कोकराला पुरेल तेवढं, एडक्यालाही तेवढंच. दर अमावास्येला. आमच्यात भेदभाव नाही."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "आजी, एवढ्याशा औषधानं एडक्याच्या पोटातले कच्चे जंत तेवढे मेले. चिवट होते ते तगले, त्यांचीच पिल्लावळ वाढली. आता हे औषध त्यांना लागतच नाही."

"म्हणजे मी जंतांची तालीम घेतली?"

"चांगली घेतलीत!"

त्यांनी दुसऱ्या जातीचं औषध दिलं. वजन करून पुरतं पाजायचं, ज्यांची पापणी पांढरी त्यांनाच पाजायचं, अमावास्येचा नेम बंद. आणि दोन आठवड्यांनी पुन्हा लेंड्या.

वजन कुठं करायचं? लाकडाच्या वखारीत! एडका काट्यावर चढला आणि उतरेचना. वखारवाला ओरडला, "बाई, माझी गिऱ्हाइकं खोळंबलीत!" आत्याबाई म्हणाल्या, "मग त्यांनाही तोलून घे." त्यानंतर त्यांनी पांढऱ्या पापणीच्या प्रत्येक मेंढराला त्याच्या त्याच्या मापानं पाजलं. औषध पाजायचं ते कोकराच्या मापाचं बांबूचं नळकांडं चुलीत गेलं.

दुसऱ्या खेपेला डबाही तोच, कंडक्टरही तोच. त्यानं आम्हाला बघून मागची अख्खी बाकं मोकळी करून दिली. गोरेगावला डॉक्टरांनी काच ठेवली, बघितली, पुन्हा बघितली आणि बाजूला सरकले. "आता तुम्ही बघा."

मी बघितलं. आत्याबाईंनी मला ढकलून बघितलं. "काहीच नाही की गं!" त्या एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की बाहेर बांधलेली म्हैस दावं तोडून पळाली.

घरी आलो तर खाटीक ओट्यावर बसला होता. दीर त्याला मेंढरं दाखवत होते, पण मेंढरं पकडू देतील तर ना! जबड्याखालच्या पिशव्या ओसरल्या होत्या, एडक्यानं दिरांनाच धडक मारली. खाटीक हसून म्हणाला, "दादा, असला माल कुणी विकतो का?" दिरांनी धोतर झाडलं आणि त्याला चहा विचारला.

पुढं मी काशी केली, रामेश्वर केलं, लेकानं विमानातही बसवलं. पण सगळ्यात सुंदर काय बघितलं असं कुणी विचारलं तर मी गोरेगावची ती काच सांगते, जिच्यात बघायला काहीसुद्धा नव्हतं.