दाजींची पाठ

सबंध कारंजा तालुक्यात आमच्या दाजींचा चेहरा ओळखणारी माणसं थोडी असतील. पाठ मात्र लहानथोर सगळे ओळखतात. त्या पाठीवर दीडेक वर्षं एक पोरगी बांधलेली होती. जुन्या हिरव्या लुगड्याच्या झोळीतून तेल चोपडलेलं डोकं, टकमक बघणारे दोन डोळे आणि बारा महिने वाहणारं नाक एवढंच बाहेर असायचं. रस्त्यानं जाणारा रामराम घालायचा तो आधी तिला, आणि वेळ उरला तर दाजींना. दाजींना त्याचं काही वाटत नसे. उलट म्हणत, "मालकीन मांगं बसली हाये, तिलेच विचारा."

दाजी म्हणजे माझे सख्खे मेहुणे नव्हेत. त्यांची बायको आणि मी, दोघी किन्हीराजाच्या. दोघींची लग्नं होऊन आम्ही कारंजाजवळच्या या एकाच गावात आलो आणि भाजीचे मळेही बांधाला बांध लागून निघाले. ती मला मोठ्या बहिणीसारखी, म्हणून हे दाजी, आणि म्हणून यांना वाट्टेल ते बोलायचा हक्क माझा. तो मी कधी वाया घालवला नाही.

पोरगी म्हणजे गुड्डी, त्यांची नात. मुलगा आणि सून पुण्याला कंपनीत कामाला. दुसरं बाळ झालं तेव्हा नुकती वर्षाची झालेली गुड्डी आजीजवळ आणून ठेवली, आणि दोन-तीन महिन्यांत आजीच साध्या तापाचं निमित्त होऊन गेली. माझी बहीण गेली. तेरावं उरकल्यावर मुलगा पोरीचे कपडे पिशवीत भरायला लागला, तर जन्मात घरच्या कुठल्या गोष्टीत तोंड न उघडलेले दाजी म्हणाले, "राहू दे तिले. मी पाह्यतो." आम्ही सगळे हसलो. स्वतःचं धोतर धड न नेसणारा माणूस लेकरू काय बघणार! दुसऱ्या दिवशी हा गृहस्थ बायकोच्या लुगड्यात पोरगी बांधून मळ्यात हजर. मानोऱ्याकडच्या तांड्यांवरच्या बाया कापूस वेचायला येतात, त्या लेकरं पाठीशी कशी बांधतात ते म्हणे त्यांनी नीट पाहून ठेवलं होतं. काय पाहिलं होतं देव जाणे, कारण पहिल्या दिवशी गाठ मारली ती पाठीमागे. आता सोडणार कोण? बांधावरून हाका मारत माझ्याकडे आले, आणि मी ती गाठ दातांनी सोडवली. आत गुड्डी खुशाल झोपलेली.

मग मात्र असे तरबेज झाले की डोळे मिटून बांधत. मेथी उपटायला गुड्डी पाठीवर, सांबार म्हणजे कोथिंबीर धुवायला गुड्डी पाठीवर, दाढी करतानाही गुड्डी पाठीवर आणि अर्धा फेस तिच्या नाकाला. पारावरच्या पोरांनी एकदा छेडलं, "काय दाजी, बायकांवानी पोट्टं बांधून फिरून राह्यले!" दाजी थांबले आणि म्हणाले, "तू फटफटीवर खताचं पोतं बांधून आनतो, तवा कोनी हासते काय तुले? पोत्यापेक्षा तं हे बरं. बोलते तरी."

बोलायची तर बोलायचीच, पण त्याहून जास्त उचलायची. कारंजाच्या मंडीत पहाटे भाजीची हर्रास चालते, बोली लावायला माणसाला माणूस खेटलेला असतो. दाजी पुढे बघून भाव ऐकत, आणि मागे ही बाई हात लांबवून आपली खरेदी करी. घरी येऊन झोळी सोडली की त्यातून वांगी निघत, कुणाचा रुमाल निघे, चावलेली काकडी निघे. एकदा अडत्याची टोपीच निघाली. तो बिचारा सगळ्या मंडीत बोडक्यानं टोपी शोधत फिरला होता. दुसऱ्या दिवशी दाजींनी ती धुऊन, वाळवून, घडी घालून परत नेली आणि सांगितलं, "आमच्या मालकिनीले आवडली होती, पन मोठी होते म्हने." एसटीत दाजी कधी टेकून बसले नाहीत. सीटच्या कडेला पुढे सरकून, वाकून, दांडा धरून. कंडक्टर म्हणे, "आजोबा, मांगं सरका ना, जागा हाये." दाजी म्हणत, "जागा भरेल हाये."

एका लग्नात तर कमालच केली. पंगतीत गुड्डीनं मागून त्यांच्या मानेवर वरण सांडलं ते सांडलंच. पण फोटो काढायच्या वेळी दाजी नवरानवरीशेजारी जाऊन उभे राहिले ते पाठ फिरवून! फोटोवाला ओरडतोय, "काका, इकडं पाहा, इकडं!" दाजी भिंतीकडे बघत ठाम. "ते पाह्यते ना? मंग झालं. माह्या थोबाडाचं काय करता?"

माझं आणि त्यांचं एका गोष्टीवरून रोज वाजायचं. पोरगी अडीच वर्षांची होत आली, माझ्या अंगणात कोंबड्यांमागे सुसाट धावायची. पण दाजी आले की झोळीत. मी म्हणायचे, "दाजी, देवानं पाय देले हायेत तिले. उतरवा खाली!"

"काटा रुतीन."

"चप्पल घाला मंग."

"चप्पल तुटते."

"काहून तुटीन? नवी तं हाये!" मी चिडायचे आणि ते गाठ आवळून चालू लागायचे. चप्पल तुटायचं हे काय खूळ, मला कळत नव्हतं. एका दुपारी दोघं मेथीच्या जुड्या बांधत बसलो होतो, गुड्डी पाठीवर झोपलेली. तेव्हा ते आपण होऊनच बोलले.

आमच्याकडे तेव्हाची रीत अशी, की वडीलधाऱ्यांसमोर बापानं स्वतःचं लेकरू घ्यायचं नाही. घेतलं तर तो निर्लज्ज. पुतण्याला घ्या, शेजाऱ्याच्या पोराला घ्या, आपलं मात्र नाही. दाजींचे वडील कडक गृहस्थ, आणि जगलेही खूप. दाजींचा मुलगा लहान असताना सगळे किन्हीराजाला लग्नाला निघाले होते. एसटीतून उतरून पुढे पायी, भर उन्हाळा, डांबरी रस्ता. बाया आधीच्या गाडीनं पुढे गेलेल्या. पोराची चप्पल तुटली.

"माहा बाप समोर चालून राह्यला," दाजी म्हणाले, "अन् पोरगं मांगून म्हने, बाबा, घ्या ना. पाय भाजते. मी म्हनलं, मोठा झाला ना तू? चाल. तो चालला, बाई. रडत नव्हता. पूरा रस्ता चालला." जुडीला दोरी गुंडाळता गुंडाळता ते थांबले. "त्याच्यानंतर त्यानं मले कधी 'घ्या' म्हनलंच नाही. आता बोलतो, पैसे लागते काय विचारतो, तब्येत विचारतो. पन काई मागत नाही."

ते पाय मी पाहिले होते. मी तेव्हा माहेरीच होते, लग्न आमच्याच घरचं. पोराच्या तळव्यांना टरारून फोड आलेले, आणि माझी बहीण पदरानं डोळे पुसत त्यांना तूप लावत होती. चप्पल का तुटते, हे मला त्या दुपारी कळलं. पुन्हा मी "उतरवा" म्हटलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात मुलगा गुड्डीला न्यायला आला. बालवाडीत घालायची होती. बरोबरच होतं त्याचं. दाजींनी अडवलं नाही. सकाळपासून नुसते आत-बाहेर करत होते. निघायची वेळ झाली, बॅग दाराशी आली. गुड्डीनं अंगणात धावत जाऊन बापासमोर दोन्ही हात वर केले. "पप्पा, घ्या."

तो हसून वाकला. हात पुढे केले. आणि त्याची नजर ओसरीवर उभ्या असलेल्या दाजींवर गेली. हात तिथंच थांबले. पुण्यात तो तिला घेत असणार, खांद्यावर बसवत असणार, पण इथं, बापासमोर, त्यानं नुसता तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "मोठी झाली ना आता? चाल बरं."

दाजी आत गेले आणि ते हिरवं लुगडं घेऊन आले.

"इकडं ये."

"राहू द्या बाबा, चालते ते."

"इकडं ये म्हनलं ना! वाक."

तो वाकला. दाजींनी गुड्डीला त्याच्या पाठीवर ठेवलं, वरून लुगडं टाकलं, आणि गाठ मारायला त्याच्या समोर आले. पोरगा उंच, दाजींचं कपाळ त्याच्या गळ्याशी. पदर ओढून घ्यायला दोन्ही हात त्याच्या कमरेभोवती घातले. रोज डोळे मिटून बांधणारा माणूस, पण त्या दिवशी गाठ काही बसेना. पुन्हा सोडली, पुन्हा हात घातले. एवढा वेळ लागत नाही गाठीला, मला माहीत आहे. पोरगा शिंप्यापुढे माप द्यायला उभं राहावं तसा ताठ उभा होता.

"घट्ट झालं काय?"

"नाई बाबा," तो म्हणाला. "असू द्या."

"कोनाची लाज धरू नको. माही बी नको धरू. मी धरली होती माह्या बापाची. तुहे पाय भाजले."

"मले काई आठवत नाई, बाबा."

खोटं बोलला. बोलताना तो आपल्या पायांकडे बघत होता.

फाट्यापर्यंत तो पुढे आणि आम्ही दोघं मागे चाललो. गुड्डी बापाच्या खांद्यावरून मान काढून आम्हाला दात दाखवत होती. मध्येच हात लांबवून तिनं एका सायकलवाल्याच्या पिशवीतली मिरची उचलली. दाजी चालता चालता थबकले. "बाई, असी दिसते काय ते मांगून?" एसटी आली, गेली, लुगडंही गेलं. ते बराच वेळ फाट्यावर उभे राहिले.

नंतर कधी तरी त्या लग्नवाल्यांकडे जाऊन दाजी तो पाठीचा फोटो मागून घेऊन आले. आता ओसरीत लावलाय. नवरानवरी बाजूला, आणि मधोमध दाजींची पाठ. तिच्यावर गुड्डी, तोंडभर हसणारी. मी संध्याकाळी भाकरी द्यायला जाते तेव्हा ते त्याच्यासमोर बसलेले असतात.

"माह्या पाठीवर एवढी हासे," ते परवा म्हणाले, "अन् मले पत्ताच नाही." मग विचारलं, "आमच्या पोराचा असा एखांदा फोटो असन काय वो कोनाजवळ? तुमच्या किन्हीराजाले?"

मी म्हटलं, विचारून पाहते. दोघांनाही ठाऊक होतं, नाही म्हणून. तसा फोटो निघायला त्याला कुणी पाठीवर घ्यायला हवं होतं.