चार नंबरच्या खोलीतली लाल दोरी

सोमवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी काकू चार नंबरच्या बाथरूममध्ये स्टुलावर उभ्या राहून एक गाठ सोडवत होत्या. गाठ त्यांचीच होती, म्हणून सुटायला तयार नव्हती. सतरा वर्षं हॉटेलातल्या मळक्या चादरींची गाठोडी बांधणारा हात तो. शेवटी त्यांनी दात लावले.

दोरी लाल रंगाची. पडलेल्या माणसाला ओढता यावी म्हणून छतापासून फरशीपर्यंत सोडलेली. ओढली की रिसेप्शनवर घंटा वाजायला हवी. हॉटेलात व्हीलचेअरवाल्यांसाठी तळमजल्यावरची ही एकच खोली. दार रुंद, उंबरा नाही, कमोडच्या दोन्ही बाजूंना स्टीलचे दांडे. दाराबाहेर तशी पाटी, आणि जाहिरातीत त्या पाटीचा फोटो.

पण एरवी तिथे धडधाकट माणसंच उतरत. दिव्याची दोरी समजून ती ओढत. फरशी पुसताना पोछाही अडके. मग रिसेप्शनवरून कुणीतरी धावत येई आणि तोंडसुख घेऊन जाई. दोन वर्षांपूर्वी मॅनेजर वैतागून म्हणाले होते, "काकू, वर बांधून टाका ना ती! रोजची कटकट." काकूंनी बांधली. डोक्याच्याही हातभर वर, चांगली आवळून.

शनिवारी त्याच फरशीवर एक निवृत्त शिक्षिका पडल्या. तपासणीसाठी पहिल्यांदाच या गावात आलेल्या, व्हीलचेअरवर, एकट्या. दीड तास तशाच पडून होत्या. सफाईला गेलेल्या काकूंनाच त्या दिसल्या.

"आलात? या," बाई जमिनीवरूनच म्हणाल्या. "छताला एकवीस पट्ट्या आहेत, माहीत आहे का तुम्हाला? आणि ती दोरी कुणासाठी हो, जिराफासाठी?"

हाड मोडलं नव्हतं. रविवारी भाचा येऊन त्यांना घेऊन गेला. जाताना बाईंनी तक्रार लिहून ठेवली, दोन पानं, अक्षर वळणदार.

काकूंच्या घरी नवरा अंथरुणाला खिळलेला आहे. अर्धं अंग गेलं त्याला सहा वर्षं झाली. त्याच्या चालत्या हाताशी स्टीलचं ताट आणि चमचा असतो. काही हवं असलं की तो ताट वाजवतो. चमचा खाली पडून लांब जाऊ नये म्हणून काकूंनी तो दोरीने पलंगाला बांधला आहे, हात कुठवर पोचतो ते बघून, दोरी मोजून. घरची दोरी मोजली आणि इथली नाही, हे शनिवारपासून त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं.

मॅनेजरना दहा वाजता लेखी खुलासा हवा होता: दोरी आपण आपल्या मनाने बांधली. लिहून दिलं तर नोकरीचं बघतो, असं ते म्हणाले होते. नाही दिलं तर काय, ते सांगायची गरज नव्हती. आणि घर काकूंच्या पगारावर चालतं.

गाठ सुटली. दोरी फरशीला टेकली. आता ती हाताला येते का बघावं म्हणून काकू दांड्याला धरून खाली बसल्या आणि बाई पडल्या होत्या तिथेच आडव्या झाल्या. दोरी हाताशी होती. त्यांनी ओढली. मग पुन्हा, जोर लावून.

कुणी आलं नाही.

पट्ट्या एकवीसच होत्या. फरशीची ओल पाठीला लागली. घड्याळात अकरा मिनिटं गेली, तेव्हा त्यांनी उठायचं ठरवलं आणि उठता येईना. गुडघा वळत नव्हता, दांडा वीतभर लांब. हाक मारावी, तर दार त्यांनीच लावून घेतलं होतं. कुशीवर सरकत सरकत त्या बेसिनपाशी पोचल्या, तिथे आधार मिळाला. उभ्या राहिल्या तेव्हा सात वाजून गेले होते.

रिसेप्शनवर घंटेच्या डब्याचा प्लग काढलेला होता. त्या जागी मोबाईलचा चार्जर.

"मी लागले तेव्हापासून असंच आहे, काकू," तिथली मुलगी म्हणाली. तिला नोकरीला लागून वर्ष झालं होतं. प्लग लावूनही घंटा मुकीच राहिली. आतली वायर गेलेली.

दहा वाजता काकू मॅनेजरसमोर उभ्या राहिल्या. "साहेब, घंटा बंदच आहे. वर्षभर तरी. दोरी खाली असती तरी कुणी आलं नसतं."

"पण त्यांना ओढताच आली नाही ना? मग घंटेचा प्रश्न येतोच कुठे? विषय गाठीचा आहे. लिहा."

काकूंनी लिहिलं. दोरी मी बांधली. साहेबांनी सांगितलं म्हणून बांधली. घंटा वाजत नाही, आज सकाळी मी स्वतः आडवी पडून पाहिलं.

मॅनेजरनी कागद दोनदा वाचला. "काकू, हे असं नाही चालायचं."

"मग दुसऱ्या कुणाला तरी झोपवून बघा."

त्यांनी कागद खणात टाकला, खणाला कुलूप लावलं आणि "बघतो" म्हणाले. कधी बघणार, ते सांगितलं नाही.

काकूंनी हॉटेलच्या स्वयंपाकघरातून एक स्टीलचं ताट आणि चमचा मागून घेतला आणि चार नंबरच्या बेसिनखाली, फरशीवर ठेवला. इलेक्ट्रिशियनचा वार गुरुवार. उद्या मंगळवार. दुपारी एक वाजता चार नंबरमध्ये वॉकर घेऊन चालणारे एक आजोबा उतरणार आहेत. मुक्काम दोन रात्रींचा.