जळती गंजी
कडबा जळल्याचा वास आला की मला सोनाळ्याचं आमचं खळं आठवतं; साऱ्या गावाच्या गंज्या तिथंच रचलेल्या असत. तालुक्याला आग विझवण्याचा आठ दिवसांचा सरकारी वर्ग करून मी नुकतीच परतले होते, आणि पोरीची जात हे शिकून काय करणार म्हणून गाव हसत होतं. एका दुपारी आमच्याच कडब्याच्या गंजीनं पेट घेतला. लोक तिच्यावर बादल्या ओतू लागले, तशी मी ओरडले, "हे तं गेली. पानी शेजारच्या गंज्याईवर टाका." सगळे बाबांकडे पाहू लागले. बैलांचा वर्षाचा चारा डोळ्यांदेखत जळत होता. बाबा म्हणाले, "माही पोरगी शिकून आली हाये. थे म्हनते तसं करा." आमची तेवढी गंजी गेली, बाकीचं खळं वाचलं. दुसऱ्या दिवसापासून घराघरातून आमच्या गोठ्यात कडब्याच्या पेंढ्या येऊ लागल्या. सत्तरी उलटली, तरी कुठं आग दिसली की मी आधी तिच्या शेजारी काय आहे ते बघते.